दफ्तर आणि दौलत

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या शाळेचा हजेरीपट उघडून पाहावा. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, वाकनीस, पारसनीस, दफ्तरदार, मुजुमदार अशी दोन-चार नावे त्यात हटकून सापडतात. ही आडनावे गावावरून पडलेली नाहीत, की कोणा पराक्रमी पूर्वजावरून चालत आलेली नाहीत. ती लेखणीवरून पडलेली आहेत. यांतला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. चिटणीस पत्रे लिही, सबनीस हजेरी मांडी, कारखानीस कोठारातल्या जिनसांचा हिशेब ठेवी, पोतनीस रोकडीचा, पारसनीस फारसी पत्रव्यवहार सांभाळी आणि फडणीस हा हिशेबाच्या फर्दा लिहिणारा. एखाद्या राज्याने केवळ बातमी, हिशेब आणि नोंद ठेवण्याच्या कामावरून इतकी आडनावे मागे ठेवावीत, ही गोष्ट साधी नव्हे. मराठ्यांची दौलत जशी तलवारीवर उभी होती तशीच ती कागदावरही उभी होती. हा कागद कसा चाले, तो का बिघडला आणि पुढे त्याचे काय झाले, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या बाजूकडे आमचे लक्ष उशिरा गेले. बखरीत लढाया आणि कारस्थाने फार. पाटबंधाऱ्यास तगाई किती दिली, दुष्काळात सूट किती सोडली, हे बखरकारास सांगावेसे वाटले नाही. पेशव्यांच्या रोजकीर्दींकडे सुशिक्षितांचे डोळे वळविण्याचे श्रेय न्यायमूर्ती रानड्यांकडे जाते. ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा सुरू केली, त्यांनीच १९०० साली या रोजकीर्दींवर आपला प्रस्तावनावजा प्रबंध लिहिला. राज्य कसे जिंकले यापेक्षा ते कसे चालविले हा प्रश्न राष्ट्राच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, ही त्यांची दृष्टी होती. गणेश चिमणाजी वाडांनी काढलेले रोजकीर्दींचे उतारे पुढे नऊ भागांत प्रसिद्ध झाले आणि एक नवेच दालन उघडले.

आरंभ शिवकालापासून करावा लागतो. अष्टप्रधानांपैकी अमात्य म्हणजे मुजुमदार याच्याकडे जमाखर्च, सचिव म्हणजे सुरनीस याच्याकडे राजपत्रे तपासण्याचे काम, मंत्री म्हणजे वाकनीस याच्याकडे राजाची दैनंदिन नोंद आणि सुमंत म्हणजे डबीर याच्याकडे परराज्यांचा व्यवहार होता. आठांतले चार प्रधान अशा रीतीने कागदाचे धनी होते. रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, त्याकडे आम्ही भाषाशुद्धीचा प्रयत्न म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण पदार्थास एकच ठरलेले नाव असावे, ही कोणत्याही कचेरीची पहिली गरज असते, हेही त्यामागे आहे. महाराजांच्या पत्रांवर दोन शिक्के असत. एक माथ्यावर आणि दुसरा, मर्यादेचा, मजकूर संपतो तेथे. त्या दुसऱ्या शिक्क्याचा अर्थ इतकाच की, येथे पत्र संपले. याखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती आमची नव्हे. मोठ्या विचाराची ही लहानशी युक्ती आहे.

बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. महाराजांनी पत्र तयार करावयास सांगितले होते, कामाच्या गर्दीत ते राहून गेले, आणि महाराजांनी विचारताच बाळाजींनी कोरा कागद समोर धरून सगळे पत्र घडाघडा वाचून दाखविले. ही कथा आम्ही चिटणिसांच्या बुद्धीचे कौतुक म्हणून सांगतो. परंतु तीत एक धोकाही दडलेला आहे. कोरा कागद वाचू शकणारा चिटणीस एखादाच निपजतो. आणि ज्या राज्याची माहिती एका माणसाच्या डोक्यात राहते ते राज्य त्या माणसाबरोबरच आजारी पडते. म्हणून शहाणा कारभार माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबत नाही, तर स्मरण कागदावर उतरवितो आणि त्या कागदाची दुसऱ्याकडून रुजवात घेतो.

अठराव्या शतकात ही गरज शतपट वाढली. १७१९ साली चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आल्या आणि मराठ्यांच्या हिशेबात मोठीच गुंतागुंत शिरली. एका चौथाईचेच पाहा. तिच्यातील शेकडा पंचवीस ही राजाची बाबती. उरलेल्यातून शेकडा सहा सहोत्रा, शेकडा तीन नाडगौडा, आणि बाकी सहासष्ट हा सरदारांचा मोकासा. शिवाय सरदेशमुखी निराळी, मूळ जमेचा हक्कदार निराळा, आणि गावोगावचे वतनदार, देवस्थाने व इनामदार निराळेच. एकाच शेतातल्या एकाच पिकावर पाच-सात जणांचा हक्क पोचे. यांत कोणाचे किती हे तलवारीने ठरत नव्हते, ते वहीच सांगू शके. या व्यवस्थेमुळे सत्ता विभागली गेली हा आक्षेप खरा आहे. पण त्याच व्यवस्थेने दफ्तरास राज्याचा कणा बनविले हेही तितकेच खरे आहे.

हा कागद कसा चाले ते आता पाहू. गावात कुलकर्णी शेतवार आणि कुळवार नोंद ठेवी. परगण्याचा देशपांडे आपले दफ्तर स्वतंत्रपणे राखी. हा सरकारचा पगारी नोकर नव्हे, वतनदार. त्यामुळे कमाविसदार बदलला तरी देशपांड्यांची वही जागच्या जागी राही. कमाविसदाराने किंवा मामलेदाराने आपला हिशेब हुजुरात रुजू केला की तो देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी ताडून पाहण्यात येई. एकाच गोष्टीची नोंद दोन निरनिराळ्या हितसंबंधांच्या माणसांनी दोन ठिकाणी ठेवावयाची आणि वरच्याने ती ताडून पाहावयाची, हे त्या पद्धतीचे मर्म होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दरखदारांची. मोठ्या महालावर आणि किल्ल्यावर मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस असे दरखदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई. मामलेदार त्यांचा वरिष्ठ खरा, परंतु त्यास त्यांना काढून टाकता येत नसे आणि ठरवून दिलेल्या कामापलीकडचे काम सांगता येत नसे. कागदावर ज्याची त्याची निशाणी झाल्याखेरीज तो कागद पुरा होत नसे. एकाने लिहावे, दुसऱ्याने रुजू करावे, तिसऱ्याने बार करावा, मग शिक्का उमटावा. मामलेदारास पैसा खावयाचा झाला तर त्यास इतक्या सर्वांस सामील करून घ्यावे लागे. आणि चोरीत वाटेकरी जितके अधिक तितकी ती लपविणे अवघड. मनुष्यस्वभाव चांगला आहे असे धरून ही पद्धत बांधलेली नव्हती. तो मोहास बळी पडतो असे धरून ती बांधलेली होती, आणि म्हणूनच ती पुष्कळ काळ टिकली.

इनामाच्या सनदांतही हेच धोरण दिसते. एखाद्यास जमीन इनाम दिली की पत्र एकच निघत नसे. एक इनामदारास, एक कमाविसदारास, एक देशमुख-देशपांड्यांस आणि एक गावच्या मोकदमास अशी पत्रे निघत. पत्राची नक्कल उतरून घ्यावी आणि अस्सल इनामदाराजवळ भोगवट्यास परत द्यावे, अशी आज्ञा त्यात असे. त्यामुळे एके ठिकाणचा कागद जळाला, बुडाला किंवा कोणी खोडला तरी दुसऱ्या तीन ठिकाणी साक्ष उरे.

हे सर्व ओहोळ पुण्यास हुजूर दफ्तरात येऊन मिळत. तेथे दफ्तराचे दोन मोठे भाग असत. एक चालते दफ्तर, ज्यात चालू व्यवहाराचे कागद असत. आणि दुसरे एकबेरीज दफ्तर, जेथे निकालात निघालेले हिशेब खात्यावार लावून ठेवीत. फडात रोजकीर्द लिहिली जाई. तीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज, आणि वर्षअखेर ताळेबंद. मृग निघाला की महसुली वर्ष सुरू. त्या वर्षी कोणत्या महालातून किती जमा यावी आणि तेथे किती खर्च पडावा याचा अंदाज आगाऊ बांधीत, त्यास बेहडा म्हणत. म्हणजे आज आम्ही ज्यास अंदाजपत्रक म्हणतो तो बेहडा, आणि वर्षअखेर झाले काय ते सांगणारा ताळेबंद. या दोहोंच्या तुलनेतून कारभार कोठे चुकला ते पुण्यात बसून कळे. भरभराटीच्या काळात या दफ्तरात दोनशेवर कारकून काम करीत. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत आणि त्यानंतर नाना फडणिसांनी या दफ्तरास जी शिस्त लावली तिची वाखाणणी पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही केली. नानांची कर्तबगारी आम्ही बहुधा कारस्थानात शोधतो. पानपतावरून जीव वाचवून आलेल्या या तरुणाने पुढे चाळीस वर्षे राज्याची नाडी हातात ठेवली, ती मुख्यतः रोजच्या रोज कागद पाहण्याच्या कष्टाळूपणामुळे होय, असे आमचे मत आहे.

मग ही उत्तम घडी मोडली कशी? नाना १३ मार्च १८०० रोजी वारले आणि त्यांच्यामागे दफ्तर ढासळले, असे म्हणून सुटता येते. पण ते खरे उत्तर नव्हे. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने देण्याचा सपाटा लावला. दरसाल जो अधिक बोली करील त्यास महाल द्यावयाचा; त्याने तो पोटमक्त्याने दुसऱ्यास विकावयाचा. एकदा रक्कम ठरली की मग कोणत्या गावी पीक बुडाले, कोणती विहीर आटली, कोणते कूळ परागंदा झाले, याची पुण्यास गरजच उरली नाही. पूर्वी हुजुरास पैसा आणि माहिती दोन्ही हवी असत. आता नुसता पैसा हवा होता. आणि ज्या दिवशी धन्याने माहिती मागणे सोडले त्या दिवसापासून ती वर येणे बंद झाले. हिशेबच मागावयाचा नाही तर दरखदाराच्या निशाणीस किंमत कोठली? दफ्तर बिघडले म्हणून राज्य बुडाले असे आम्ही म्हणत नाही. राज्यकर्त्यास सत्य जाणून घेण्याची इच्छा उरली नव्हती आणि दफ्तर हे तिचे पहिले बळी ठरले, एवढेच म्हणतो. इंग्रजांनी १८१८ नंतर दफ्तराची पाहणी केली तेव्हा मॅक्लिऑड साहेबास हेच आढळले की, नानांच्या काळापर्यंत हे दफ्तर मोठ्या काळजीने ठेविलेले होते, आणि बाजीरावाच्या अमदानीत केवळ दुर्लक्षच झाले नाही, तर लोकांस त्यातले कागद नेऊही दिले गेले.

आता या कथेचा दुसरा अंक. एल्फिन्स्टनने दफ्तराचे मोल ओळखले. नव्या सरकारास पहिला प्रश्न पडला तो हाच की, इनामे, वर्षासने आणि सरंजाम म्हणून सांगणारे हजारो लोक पुढे येत आहेत, त्यांतले खरे किती? याचे उत्तर दफ्तरात होते. १८४३ पासून दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास पुरे बळ आले. ज्या कागदांनी रयतेच्या हक्काची साक्ष जपली होती, तेच कागद आता इनामदाराच्या विरुद्ध साक्षीस उभे राहू लागले. कोणाची सनद सापडे तर भोगवट्याचा पुरावा नसे. कोणाचा भोगवटा पिढ्यान्‌पिढ्यांचा, तर सनद नसे. खोटी इनामे उघडकीस आली हे कबूल केले पाहिजे. परंतु शोधणारा, पुरावा राखणारा आणि न्याय देणारा जेथे एकच, तेथे खऱ्याच्याही पोटात भीतीचा गोळा उठतो. १८५८ साली नरगुंदच्या बाबासाहेबाने मॅन्सन या अधिकाऱ्यास ठार केले. हा मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनावर काम करीत असे, ही गोष्ट लोक विसरले नव्हते.

यानंतर दफ्तरावर कुलूप पडले. १८९१ साली पुण्यात त्यासाठी भक्कम दगडी इमारत उभी राहिली. कागद आगीपासून व पावसापासून वाचले, पण ज्यांचे होते त्यांना ते दिसेनासे झाले. राजवाड्यांसारख्या संशोधकाने गावोगाव पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यांवरचे आणि बोळकांडीतले रुमाल सोडले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. यात एक गंमत आहे. जुन्या काळी खाजगी कागद आणि सरकारी कागद यांत भेद फारसा नसे. कारभारी पुष्कळसे कागद घरीच ठेवी. नाना फडणिसांचे मोठे दफ्तर वाईजवळ मेणवलीस राहिले, ते असेच. ही शिस्तीतली उणीव होती, परंतु तिच्यामुळेच सरकारी कुलपाबाहेर इतिहास शिल्लक राहिला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते याच धडपडीतून. पुढे जदुनाथ सरकारांनी पाठपुरावा केला आणि रियासतकार सरदेसायांकडे निवडीचे काम आले. १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत 'पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदां'चे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. त्या वेळच्या मोजदादीप्रमाणे तेथे एकंदर ३४,९७२ रुमाल व फायली होत्या. त्यांत २७,३३२ रुमाल मोडी मराठीचे आणि ७,४८२ फायली इंग्रजीच्या. पंचेचाळीस खंड म्हणजे या सागरातली एक घागर होय.

या दफ्तराचे गुणगान करताना त्याची मर्यादा झाकू नये. दफ्तरास दिसे ते सरकारच्या डोळ्यांनी. त्यात कुणबिणीची किंमत आणि तिच्यावरची जकात सापडते. त्या कुणबिणीला काय वाटले ते सापडत नाही. वेठीस धरलेल्यांचा आकडा सापडतो. वेठीने कोणाचे शेत पडीक राहिले याची नोंद नाही. जो मोजतो त्याच्या गरजेपुरतेच मोजले जाते. शिवाय दरख पुढे वंशपरंपरेने चालू लागले. बाप हुशार म्हणून मुलगा हुशार असतोच असे नाही, आणि तपासणीस नेमलेला मनुष्य वतनदार झाला की तपासणीचा हक्क तो उत्पन्नाचा हक्क समजू लागतो. ज्यांनी एकमेकांवर नजर ठेवावयाची ते एकमेकांचे व्याही झाले, की कागदावर निशाण्या सगळ्या असतात, रुजवात मात्र नसते.

आज कुलकर्ण्याची वही गेली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपली; तलाठ्याचा सातबारा आता संगणकाच्या पडद्यावर दिसतो. बँका, कारखाने, इस्पितळे, महापालिका यांनी आपापली दफ्तरे यंत्रांत घातली आहेत. दोनशे कारकुनांचे वर्षाचे काम यंत्र क्षणात करते, आणि ते चांगलेच आहे. परंतु संस्थांचे चालक यंत्र विकत घेतले म्हणजे माहिती विकत घेतली असे समजू लागतात, तेव्हा आम्हांस बाजीरावाचा मक्तेदार आठवतो. वरच्याला फक्त ठरलेला आकडा हवा असला, की खालचा तोच आकडा भरून पाठवितो. यंत्र त्यास हरकत घेत नाही. नोंद कोणी केली, ती स्वतंत्रपणे कोणी ताडून पाहिली, आणि ताडून पाहणाऱ्यास हाकलून देण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न बोरूच्या काळी जितके खरे होते तितकेच आजही आहेत.

चौथा प्रश्न मात्र जुन्या दफ्तराने कधी विचारला नाही. तो म्हणजे, ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती पाहता येते काय? पेशव्यांचे दफ्तर हुजुराचे होते, इंग्रजांचे सरकारचे होते. रयतेचे ते कधीच नव्हते. हा प्रश्न आपल्या देशात फार उशिरा, आणि विद्वानांनी नव्हे तर मजुरांनी विचारला. १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील खेड्यांत मजूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांचे हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविले. आणि कागदावर मजुरी घेतलेली माणसे कधी मेलेली निघाली, तर कधी गाव सोडून गेलेली. फडणीस जी रुजवात बंद खोलीत करी ती येथे चावडीवर झाली. अशा चळवळींतूनच २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. दरखदाराची निशाणी आता नागरिकाच्या हाती आली, असे त्याचे वर्णन करण्यास आम्हांस हरकत दिसत नाही. ती निशाणी करावयाची की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. ते सत्तावीस हजार रुमाल आजही पुण्यात आहेत. कुलूप निघाले आहे. पण मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. कागद शाबूत आणि किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था आहे. आजच्या यंत्रांतल्या नोंदी शंभर वर्षांनी उघडू पाहणाऱ्यावरही हीच पाळी येणार नाही असे कोणी सांगावे? माहिती साठविणे हे अर्धे काम. ती वाचता येणारी माणसे पिढीमागून पिढी तयार करणे हे उरलेले अर्धे. आमच्या तरुणांपैकी दहाजणांनी जरी एक पावसाळा खर्च करून मोडी शिकून घेतली, तरी एखादा न सुटलेला रुमाल सुटेल आणि एखाद्या गावाची, एखाद्या विहिरीची, एखाद्या नाव नसलेल्या कुळाची हकीकत दोन-अडीचशे वर्षांनी उजेडात येईल. फडणीस आणि चिटणीस ही नावे नुसती हजेरीपटावर न राहता त्यांचे काम पुढे चालावे, एवढीच या विवेचनामागची इच्छा.